चकाचक

“माह्या हातचं खाऊन आजवर कोणाचं पोट बिघडलं नाई,” शेजारच्या काकू आठवा महिना लागलेल्या लेकीला सांगत होत्या. मी ओट्यापाशी कांदे सोलत होते. मी गडचांदूरला राहायला आल्यापासून दर रविवारी त्या मला जेवायला बोलावतात, आणि मी फारशी बोलत नाही म्हणून माझ्या वाटचंही त्याच बोलतात.

काकूंच्या कमरेला पांढरं फडकं खोचलेलं असतं. रोज सकाळी ते उकळत्या पाण्यात धुतात. मग दिवसभर हात, विळी, ताट, सगळं त्यानंच पुसतात आणि “झालं चकाचक” म्हणतात. त्या दिवशी गावरान कोंबडी कापून झाल्यावर त्यांनी विळी पुसली आणि तिच्यावरच काकडी चिरली. कोंबडी शिजणार होती. काकडी कच्चीच खायची होती.

“घे वं माय, मघापासून मांगून राह्यली.”

लेकीनं हात पुढे केला. एवढ्या मायेनं खाऊ घालणाऱ्या बाईला काय सांगायचं, म्हणून एरवी मी गप्पच बसले असते.

“ताई, खाऊ नका ती,” मी म्हणाले. “काकू, विळीला कच्ची कोंबडी लागलीय. साबणानं धुऊन द्या, मी दुसरी काकडी चिरते.”