भिंतीवरचा जिताडा

माझ्या वडिलांच्या तळ्यात एक जिताडा होता आणि तो माझ्या नवऱ्यासाठी राखून ठेवलेला होता. आमच्या उलव्यात ही रीतच होती. भरतीला बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं दार, उघडली की खाडीतली बोटभर पिल्लं आत यायची. बाप त्यातलं एखादं शेतातल्या तळ्यात वाढवायचा. जावई पहिल्या दिवाळसणाला आला की भाऊबीज उरकून त्या माशाचं डोकं त्याच्या ताटात पडायचं आणि डोकं जेवढं मोठं तेवढी मुलीच्या बापाची पत. आमचा जिताडा उभा धरला तर माझ्या कमरेला लागेल एवढा. त्यामुळे माझं लग्न ठरायच्या आधीपासूनच वडील मिशीला पीळ देत फिरत होते.

नवरा मिळाला साताऱ्याकडचा, तळोज्याला कारखान्यात नोकरी करणारा. माशाच्या काट्याला तो भारी भ्यायचा, पण हे वडिलांना सांगायची माझी छाती झाली नाही. त्याच्याकडे कॅमेरा मात्र होता. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले होते आणि पाण्याखालचे फोटो परदेशी मासिकांतच पाहिले होते, तेही निळ्याशार समुद्रातले. आमच्या खाडीचं पाणी चहासारखं. तळ्याचं पाणी तेवढं हिवाळ्यात निवळायचं.

म्हणून लग्न झालं त्याच हिवाळ्यात आम्ही मासे पाळायची काचेची पेटी आणली, कॅमेरा तिच्यात ठेवला आणि पेटी काठापर्यंत तळ्यात दाबली. सोडली की ती वर उसळायची. नवरा छातीभर पाण्यात कुडकुडत ती दोन्ही हातांनी दाबून धरायचा आणि मी वरून बटण दाबायचे. पहिल्या रोलात चिखल आला, दुसऱ्यात नवऱ्याचे पाय. वडील बांधावर बसून पोट धरून हसायचे. एका रविवारी मी कोळंबी टाकली आणि जिताडा आपणहून काचेपाशी आला. फोटोत खालचा जबडा पुढे काढलेला, कल्ला उघडा, डोळा थेट माझ्याकडे. लग्नात मान न मिळालेल्या मामासारखा दिसत होता. मी माशांतच वाढले, पण इतका देखणा मासा पाहिला नव्हता. तो कापला जाऊ नये असं मला मनापासून वाटायला लागलं.

वडिलांना मी सांगून पाहिलं. एवढे मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात, अंडी घालायला त्यांना खाडीच्या तोंडाचं खारं पाणी लागतं, आपण हा खाडीत सोडू. ते म्हणाले, जमीन नव्या शहराला गेलीय, दिवाळीनंतर तळ्यात भराव पडणार, आता कसली अंडी? मी म्हटलं, म्हणूनच सोडू. त्यांनी विषय बदलला.

मग मी तो फोटो मोठा करून, चौकट करून होळीला घरी नेला. रोज बघून त्यांना माया वाटेल, असा माझा हिशेब. वडिलांनी कौतुकाने आजोबांच्या फोटोशेजारीच खिळा ठोकला. येणारा-जाणारा फोटो बघायचा आणि बोटांनी हवेत तुकडे पाडून दाखवायचा. आमच्याकडे भिंतीवर फोटो लागायचा तो गेलेल्या माणसाचा, त्यामुळे शेजारणीने आईला मासा कधी गेला असंही विचारून घेतलं. आई सकाळी उदबत्ती घेऊन आजोबा, आजी, थोरले काका अशी भिंतभर फिरायची. रांगेत एकाला कसं वगळायचं, म्हणून माशालाही ओवाळायची. मला हसू यायचं आणि चीडही यायची, कारण माझा हिशेब काही जमत नव्हता.

दिवाळी आली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी जाळं खांद्यावर टाकलं आणि आईला विळी काढून ठेवायला सांगितलं. मी चुलीपाशी बसून रडत होते. आई जागची हलली नाही.

"रोज सकाली उदबत्ती ओवालते मी त्याला," ती म्हणाली. "आता त्याच्याच मानेला विली कशी लावू? तुमीच सांगा."

वडील भिंतीकडे बघत राहिले. मग जावयाच्या ताटात काय दगड वाढायचे, असं त्यांनी चिडून विचारलं. नवरा पटकन म्हणाला की त्याला सुका जवळाच सगळ्यात जास्त आवडतो. जवळ्याला काटे नसतात, एवढं तो शिकला होता.

वडिलांनी आणि त्याने जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळून बांधापलीकडे नेला आणि खाडीत सोडला. जाताना त्याने शेपटीचा असा फटका दिला की वडिलांचा दिवाळीचा सदरा चिखलाने भरला. तेही हसले. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता, पण फोटो काढायचं सुचलं नाही.

तळं बुजलं. त्यानंतरही वडील कधीमधी खाडीतला मोठा जिताडा आणायचे. आणला की तो दोन्ही हातांवर घेऊन आधी भिंतीपाशी जायचे. डोळा, जबडा, कल्ला, सगळं फोटोशी ताडून बघायचे. तोवर आई विळीवर खोळंबून बसलेली असायची. मग ते वळायचे, आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला आवाजावरूनच कळायचा.

"यो तो नाय," म्हणायचे. "काप."