कुसुममावशीची लाइन

फोन उचलल्यावर कुसुममावशी लगेच 'हॅलो' म्हणत नसत. दोन-तीन सेकंद नुसत्या ऐकत राहत. पलीकडचा माणूस वैतागून बोलायला लागला की मग उत्तर देत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "आधी लाइन ऐकायची, मग माणूस. लाइन खराब असली की चांगला माणूसबी उद्धट वाटतो."

मावशी जाऊन आता दीड वर्ष झालं. ढोकीच्या साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत. गावात त्यांना सगळे ओळखत, पण घरी कुणी जात नसे. मीही पहिल्यांदा गेले ती कामासाठीच.

त्यांच्या पुतण्याने त्यांना जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. तो फार हळू चालायचा, म्हणून मी त्यावर लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. ही सिस्टीम आणि तिचे बरेचसे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम, जगभरच्या माणसांनी हौसेने लिहिलेले असतात; ते कुणालाही उघडून वाचता येतात, बदलता येतात. मावशींना हे आवडलं. मग एक दिवस नागपूरहून पार्सल आलं. त्यात बिनतारी हेडसेट होता. मावशींनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "निर्मलाच्या पोरानं पाठवलाय. चालू करून दे."

निर्मला म्हणजे पूर्वी उस्मानाबादच्या ट्रंक बोर्डावर बसणारी ऑपरेटर. कारखान्याचा प्रत्येक बाहेरगावचा कॉल तिच्या हातून जायचा. कॉल लागेपर्यंत दोघी बोलायच्या. अशी ओळख झाली आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकली. पुढे निर्मलाबाई नागपूरला गेल्या, तरी फोन थांबले नाहीत. आता त्यांना अर्धांगवायू झाला होता आणि वाचा गेली होती. इतके दिवस मावशी मोबाइलवरून बोलायच्या; आता मुलाने त्यांच्या उशाशी कॉम्प्युटर ठेवला होता. रोज चार वाजता मावशी तासभर बोलायच्या आणि त्या ऐकायच्या.

"तुम्ही शेवटचं कधी भेटलात?" मी विचारलं.

"भेटलोच न्हाय कधी. एकदा उस्मानाबादला जायला म्हणून स्टँडवर गेले व्हते. गाडीबी लागली व्हती. पर परत आले. म्हटलं, आवाज ऐकून तिनं मला लई देखणी धरलं असंल."

हेडसेट जोडला गेला, पण कॉल लावला की आवाज रांजणातून आल्यासारखा घुमायचा. कारण मला लवकर कळलं. या हेडसेटची दोन रूपं होती. नुसतं ऐकायचं असेल तर आवाज छान यायचा; पण त्याचाच माईक चालू केला की आवाजाचा दर्जा एकदम खाली जायचा. मी तीन दिवस त्यावर घालवले. ड्रायव्हर नवे टाकले, सेटिंग बदलली. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी हीच तक्रार लिहून ठेवली होती, ती वाचत बसले. शेवटी मावशीच म्हणाल्या, "ऐकायचं ह्याच्यावर आणि बोलायचं दुसऱ्या तारेवर, असं न्हाय का जमत?"

मी दुकानातला एक साधा तारेचा माईक आणून टेबलावर लावला. ऐकायला हेडसेट, बोलायला माईक. आवाज स्वच्छ झाला. मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी मावशी दुकानाच्या दारात उभ्या.

"तिचा श्वास येत न्हाय."

"म्हणजे?"

"ती बोलत न्हाय, पर श्वास घेती की. मोबाइलवर बारीक यायचा. त्यावरच तर मी बोलते. ह्यात सगळं मुकं झालंय."

कॉलच्या प्रोग्रॅममध्ये मागचा गोंगाट गाळण्याची सोय होती. तिला श्वासही गोंगाटच वाटत होता. मी ती दोन्हीकडची बंद केली. नागपूरची निर्मलाबाईंच्या मुलाला फोनवर सांगून. त्यासरशी तिकडचा पंखा ऐकू यायला लागला, रस्त्यावरची स्कूटर, कुठेतरी कुकरची शिट्टी. मावशींनी बोट वर करून मला गप्प केलं. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग माईककडे वाकून म्हणाल्या, "हां निर्मला, आता आलीस." आणि ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमुळे रस्ता कसा अडला होता ते सांगायला लागल्या.

पुढचे आठ महिने ते असंच चाललं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मला भिंतीपलीकडून मावशींचा आवाज यायचा. माझ्याशी त्या इतकं कधी बोलल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला निर्मलाबाईंचा थोडा हेवा वाटायचा.

एक दिवस साडेचारच्या सुमारास त्यांनी मला फोन केला. "जरा ये. लाइन बघ." मी गेले. हेडसेट जोडलेला होता. आवाज पुरेसा होता. ड्रायव्हर तपासला, एक गाणं वाजवून बघितलं. सगळं ठीक. हेडसेट मी माझ्या कानाला लावला.

"पंखा येतोय?" मावशींनी विचारलं.

"येतोय."

"भांड्यांचा आवाज?"

"तोही येतोय."

"मंग बिघाड आपल्याकडं न्हाय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

निर्मलाबाईंच्या मुलाला मीच फोन केला. तो कामावर होता. त्याने घरी सांभाळायला असलेल्या बाईंना कळवलं. मावशींनी हेडसेट माझ्याकडून परत घेऊन कानाला लावला होता. स्वयंपाकघरातून येणारी पावलं, त्या बाईंनी मारलेल्या हाका, मग रडणं, हे सगळं त्यांनी ऐकलं. मी हेडसेट काढायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. बऱ्याच वेळाने माईककडे वाकून म्हणाल्या, "ठेवते गं."

पुतण्याला घेऊन त्या दहाव्याला नागपूरला गेल्या. चार दिवसांनी परत आल्या आणि दुकानात येऊन बसल्या. मी चहा मागवला. कप बराच वेळ तसाच राहिला.

"हार घातलेला फोटो व्हता," त्या म्हणाल्या. "ठेंगणी बाई. जाड भिंगाचा चष्मा. मला ती उंच वाटायची."

मी कप त्यांच्या हाताजवळ सरकवला.

"बघायला नको व्हतं. आता डोळे मिटले की ती फोटोतली बाई येती. निर्मला येत न्हाय."