सूनबाईंची झेंडी आणि आमचे पोहे

आमची सून नेमकं काय काम करते हे मला तिच्या लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळलं त्याच महिन्यात मी ते बिघडवलं.

तोवर मी लोकांना सांगायची, "कम्प्युटरवर बसते." बसायची हे खरंच होतं. सकाळी चहा घेऊन बसली की संध्याकाळी उठायची. मधूनच हसायची, इंग्रजीत बोलायची, कपाळाला हात लावायची. मला वाटायचं, नुसतं बसून पगार मिळतो, तर मी जन्मभर उभी कशाला राहिले?

मग एकदा मटार सोलता सोलता मीच विचारलं, "मेघना, तू करतेस तरी काय गं?"

"आई, तुम्ही फोनवर गॅसचा नंबर लावता, पंचांग बघता, ते ज्यातून दिसतं ना, त्याला ब्राउझर म्हणतात. मतलब, खिडकी समजा. ती खिडकी दर काही आठवड्यांनी नवीन होते. नवीन खिडकी कोणत्या तारखेला निघणार, तिच्यात काय काय असणार, कुणाचं काम कुठे अडलंय, ते मी बघते."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर अर्धवट खिडकी जगभर जाईल," ती मटाराचा दाणा तोंडात टाकत म्हणाली.

मी सोलायची थांबले. तिने पडद्यावर मला रंगीत पट्ट्या दाखवल्या. "ही वाढून झाली. ही शिजते आहे. ही अजून भिजत घातली आहे." (हुशार आहे. चौथी पास सासूला कसं समजवायचं, हे काही कॉलेजात शिकवत नाहीत.) पुढच्या दिवाळीतली खिडकी कोणत्या दिवशी निघणार, हेही तिला आजच ठाऊक होतं. माझ्या संजयला आज डबा न्यायचा आहे की नाही, हे पायात बूट घालेपर्यंत ठाऊक नसतं. आणि त्याची बायको पुढच्या दिवाळीवर बोट ठेवून बसली होती.

"पण एखाद्याचं काम वेळेत नाहीच झालं तर?"

"त्याला सोडून गाडी जाते. तो पुढच्या गाडीने येतो. आम्ही त्याला ट्रेनच म्हणतो, आई."

आता मात्र मी सरळ बसले. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. इंजिनातला ड्रायव्हर, फलाटावरचा मास्तर, डब्यातली अख्खी वरात, सगळे यांच्या हाताकडे बघत बसायचे. हे झेंडी हलवणार तेव्हाच चाक हलणार.

"मग झेंडी कोण दाखवतं?"

"आतापर्यंत मी नुसती मदत करायची. या वेळी पहिल्यांदा पूर्ण गाडी माझ्याकडे आहे. नीट गेली तर पुढच्याही मला मिळतील. बिघडली तर परत मदतनीस."

यांची झेंडी महूपासून खंडव्यापर्यंत चालायची. हिची जगभर चालणार होती, आणि ती आमच्या इंदूरच्या, जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या घरात, माझ्या समोर, मटार खात बसली होती.

शिजत असलेली खिडकी म्हणे थोड्या लोकांना चाखायला देतात. काही खटकलं तर त्यांनी सांगायचं. मेघना म्हणाली, "आई, तुमच्या फोनवर टाकू? तुमच्याइतकं स्पष्ट तर कुणीच सांगत नाही."

हे खरं आहे. व्याह्यांच्या घरचं श्रीखंड आंबट होतं, हे मी त्यांना हात धुवायच्या आधी सांगितलं होतं. टाक म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसचा नंबर लावायला बसले. माझ्या फोनवर अक्षरं हरभऱ्याएवढी केलेली असतात. नवीन खिडकीत अक्षरं आली, पण खालचं बटन काही येईना. वर सरकवलं, खाली सरकवलं, फोन झटकला. मग आडवा धरला, तेव्हा बटनाची कड दिसली. नखाने दाबलं. लागला नंबर.

बटनाचं मेघनाला सांगायला मी उठले, तर ती पायात चपला घालत होती. आठवड्यातून काही दिवस जावं लागतं त्या पलासियाच्या ऑफिसात निघाली होती. आणि आमच्या घरात निघालेल्या माणसाला टोकत नाहीत. माझ्या सासूबाई तर कुणी निघालं की आम्हाला शिंकूसुद्धा द्यायच्या नाहीत. मी गप्प बसले. संध्याकाळी सांगणार होते, पण मग विचार केला, एवढ्या मोठ्या कामाला पोरगी निघाली आहे, ते काम होईपर्यंत ती निघालेलीच धरायला हवी.

"आई, कशी चालते नवीन खिडकी?"

"छान."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हटलं, "एक नंबर."

माझ्या तोंडून 'एक नंबर' आलं, इथेच खरं तर तिला संशय यायला हवा होता. पण ती इतकी खूश झाली की तिने ते वरच्या साहेबांना कळवलं.

गाडी सुटायचा दिवस आला. त्या दिवशी मेघना घरूनच काम करणार होती. का, तर घरी शांतता असते. हे तिने मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण मी आदल्या दिवशीच अख्ख्या गल्लीला पोहे-जिलेबीचं आमंत्रण देऊन बसले होते.

सकाळी दहापासून माणसं यायला लागली. शेजारच्या कुसुमताई नारळ घेऊन आल्या. "कशावर फोडायचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कम्प्युटरवर तर नक्की नाही. कोपऱ्यावरचा हलवाई राजू भिया (इंदुरात भैयाचा भिया होतो) जिलेबीबरोबर झेंडूचा हार घेऊन आला.

"काकीजी, हार किसको पहनाना है?"

"थांब, अजून निघायचंय."

"निकलेगा किधर से?"

मी हात केला पुढच्या खोलीकडे, तर तो बिचारा दारातून बाजूला सरकून उभा राहिला.

पुढच्या खोलीचं दार लोटून मेघना मीटिंगमध्ये होती. मधल्या खोलीत पोहे संपत आले, पण दिसण्यासारखं काही घडेना. कुसुमताईंना राहवेना. "अगं, पण दिसणार काय ते तरी सांग. तुझ्या फोनवर आधीच आलंय म्हणतेस, मग दाखव की."

मी ऐटीत फोन काढला. गॅसचं पान उघडलं. आणि यात काही विशेष नाही अशा थाटात फोन आडवा केला.

मेघना तेवढ्यात पाणी प्यायला बाहेर आली होती. "आई, फोन आडवा का केलात?"

"त्याशिवाय खालचं बटन कुठे दिसतं?"

पेला तिच्या ओठापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "केव्हापासून?"

"तू ही खिडकी टाकलीस तेव्हापासून."

"पण तुम्ही तर एक नंबर म्हणालात."

"शुभ कामाला निघालेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?"

तिने माझा फोन घेतला. मग कुसुमताईंचा घेतला (त्यांचीही अक्षरं हरभऱ्याएवढीच), त्यावर नवीन खिडकी टाकली. बटन नाही. मग स्वतःच्या फोनवर अक्षरं मोठी करून बघितली. तिथेही नाही. ऑफिसातल्या सगळ्या पोरांचे डोळे चांगले, त्यामुळे अक्षरं मोठी करून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सुटायला अर्धा तास आहे," ती म्हणाली.

"मग जाऊ दे ना. फोन आडवा करा म्हणून सांग सगळ्यांना." (मी अजून जिलेबीचाच विचार करत होते.)

"आई, जगातल्या सगळ्या आज्यांना कसं सांगू?"

तेव्हा पहिल्यांदा मला ते जग दिसलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या म्हाताऱ्या, चष्मे सावरत, आपापल्या भाषेत शिव्या देत, फोन आडवा करत बसलेल्या. आणि त्यांच्या आणि त्या बिघडलेल्या खिडकीच्या मध्ये आमच्या घरातली ही एक मुलगी.

ती आत जाऊन बसली. या वेळी दार लोटायचं राहिलं. मी दारातच उभी राहिले. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं होती. मेघना बोलली, सगळे एकदम बोलले. मग एक दाढीवाले साहेब पुष्कळ वेळ बोलत राहिले. मला इंग्रजी येत नाही, पण तारीख जाहीर झालेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते. आमच्याकडे लग्नं झाली आहेत. मेघनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नो."

कसं म्हणाली, तर दुसऱ्यांदा भात नको म्हणावं इतक्या हळू. आणि जगभरची गाडी थांबली. आमच्या पायरीला स्कूटर लावू नका, असं मी समोरच्यांना कित्येक वर्षं घसा ताणून सांगते आहे. ती स्कूटर आजही तिथेच आहे.

मग तिकडून काही विचारलं गेलं आणि मेघनाने कम्प्युटर माझ्याकडे वळवला. माझ्या हातात जिलेबी होती. "आई, ते विचारतायत, आधी का नाही सांगितलं?"

"सांग त्यांना, निघालेल्या माणसाला टोकत नाहीत."

माझं एक वाक्य इंग्रजीत करायला तिला बराच वेळ लागला. दाढीवाल्या साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. कोपऱ्यातल्या चौकोनातली एक परदेशी मुलगी हसून काही बोलली.

"ती म्हणते, तिची आजीपण असंच करते."

मी तिला जिलेबी दाखवली. आणखी काय करणार?

बाहेर राजू भिया अजून दारापासून सरकून उभा होता. "काकीजी, गाड़ी कैंसल?"

"लेट आहे."

"तो फिर असली रेलवे है."

नारळाची चटणी झाली. हार वाया जाऊ नये म्हणून यांच्या फोटोला घातला. पुढच्या आठवड्यात खिडकी दुरुस्त होऊन निघाली, तेव्हा मी कुणालाही बोलावलं नाही. पुढच्या गाड्याही मेघनाकडेच आल्या. जिला थांबवता येतं तिनेच सोडावी, असं काहीसं वर ठरलं म्हणे.

आता प्रत्येक नवीन खिडकी आधी माझ्या फोनवर येते. सकाळी निघताना मेघना चपला घालून दारात उभी राहते आणि म्हणते, "आई, टोका." आणि मी मन लावून टोकते. खिडकीचं सांगून झालं की ओघात तिच्या ओढणीचं आणि कालच्या वरणाचंही सांगते.

परवा संजयला आमचा आवाज सहन होईना. "आई, जरा गप्प बस ना," तो म्हणाला.

मेघना दारातूनच म्हणाली, "नको हं. मागे एकदा गप्प बसल्या होत्या, तर सगळ्या जगाचं काम अडलं होतं."