चोचीवरचा काळा ठिपका

अल्विन क्लेग जन्मला तोच दुसऱ्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला. पस्तीस वर्षं लोकांच्या घरी गॅसची मीटरं वाचली, एक लग्न केलं, ते मोडलं; पण थॉर्नशॉ जलाशयावर कुणाला दुर्मीळ पक्षी दिसला की ह्याचं ठरलेलं, "एकट्यानंच पाहिलात? मग नाहीच पाहिलात." परगण्यातल्या पक्षीनोंदी तपासायच्या समितीवर अकरा वर्षं नाक वर करून बसला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेल्या नोरीनची एक नोंद तर त्यानं 'बहुधा पाणकावळा' असं खरडून मोडीत काढली होती. स्वतः मात्र आजवर एकही नवा पक्षी शोधला नव्हता. परगण्यात एखाद्या पक्ष्याच्या पहिल्या नोंदीपुढे आपलं नाव लागावं, एवढ्यासाठी जीव टांगलेला.

जानेवारीतली सकाळ. पाणी गोठलेलं, फक्त निरीक्षणाच्या खोपीसमोर अंगणाएवढा तुकडा उघडा. तिथं शेंडी बदकांच्या घोळक्यात राखी पाठीचं एक वेगळंच बदक झोपेत पेंगत होतं. चोच पिसांत अर्धी खुपसलेली, टोकाशी काळं दिसलं न दिसलं. अमेरिकेहून भरकटलेलं छोटं स्कॉप बदक! परगण्यातलं पहिलंच. अल्विननं लगेच सगळ्या पक्षीनिरीक्षकांना निरोप धाडला. बदक जागं होईपर्यंत थांबावं, हे नवशिक्यालाही कळतं.

बदकानं मान वर काढली. खऱ्या स्कॉपच्या चोचीच्या टोकाला मुगाएवढा ठिपका असतो. ह्याचं अख्खं टोक शाईत बुडवल्यासारखं. शेंडी बदक आणि लालसरी बदक यांचा संकर. असल्या संकराला स्कॉप म्हणणाऱ्या दोन नोंदी खुद्द अल्विननं हसून फेटाळल्या होत्या.

'चुकलो' एवढं कळवलं असतं तरी भागलं असतं. सगळेच कधी ना कधी कळवतात. पण बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली, आणि अल्विननं खिडकीची लाकडी झडप उचलून धाडकन आपटली. बदकं भर्रकन उडाली. पक्षी मुद्दाम उडवणं म्हणजे पक्षीनिरीक्षकांत देवळात थुंकण्यासारखं.

नोरीन आत आली. मागं नऊजण, गळ्यात दुर्बिणी.

"उडालं बघा, आत्ताच."

"आपणहून?" नोरीन म्हणाली. "गाडीतळापर्यंत आवाज आला."

"वाऱ्यानं झडप पडली."

"वारा? गवताचं पातं हलत नाहीये, अल्विन."

"स्कॉपच होतं. मी पाहिलंय ना."

बदकांनी बर्फावरून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि उतरायला दुसरी जागाच नसल्यानं खोपीसमोर पंधरा पावलांवर येऊन बसली. दुर्बिणीचीही गरज उरली नाही.

नोरीननं नोंदवही ओढली.

"काय लिहितेस?" अल्विननं विचारलं.

"दिसतंय ते. लालसरी-शेंडी संकर, एक."

"मीही तेच सांगणार होतो."

"कुणाला? झडपेला?"

मागचा एकजण म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा. आम्हाला बदक बघू द्या."

अल्विन भिंतीला चिकटून उभा राहिला.