खिडकीला बांधलेला दुपट्टा

आमचा डिशवॉशर म्हातारा झाला होता. पाणी घ्यायचा आणि लगेच ओकायचा. पोटात थेंब ठरत नव्हता. दोन कारागिरांनी खोलून पाहिला आणि भंगारात द्यायला सांगितलं. शेवटी दवनीवाड्याचा एक पंपवाला आला, धानाच्या शेतातले पंप दुरुस्त करणारा. त्यानं उकिडवं बसून मशीनला फक्त कान लावला. मग फरशीवर लोळणारा सांडपाण्याचा पाइप पाहून माझ्यावरच खेकसला, "काऊन भाऊ, बांधीचा धुरा फोडून ठेवला तं पाणी थांबन काय?" बांधी म्हणजे धानाचं पाणी साठवलेलं शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध.

गळ्यातल्या दुपट्ट्यानं त्यानं पाइप खिडकीला उंच बांधला. भांडी लख्ख निघाली.

आठवड्यानं तो दुपट्टा न्यायला आला. गाठीला हात लावला, चालू मशीनचा आवाज ऐकला, हात मागे घेतला. "राहू दे," म्हणाला, आणि दोरीवरचा माझा नवा टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.