प्रिस्काचा मास्टर पासवर्ड

फोनचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा आवाज, चालू करा, डोळे मिटा आणि एखादा लांबलचक पासवर्ड टाकून बघा. बोट फिरवाल तसं फोन बोटाखालचं प्रत्येक अक्षर मोठ्यानं बोलेल. हवं ते अक्षर आलं की बोट उचलायचं, मग पुढचं. पडद्यावर अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात, पण ते बघणाऱ्यांपासून लपवायला. ऐकणाऱ्यांपासून काहीच लपत नाही.

भुईगावच्या प्रिस्काला जन्मापासून दिसत नाही. तिचे सगळे पासवर्ड एका पासवर्ड मॅनेजरमध्ये असतात आणि ते ॲप उघडायला एकच मास्टर पासवर्ड लागतो. तो टाकताना इअरफोन लाव, असं तिला फोन शिकवताना मी सांगायचो. पण ती घरात इअरफोन लावतच नसे. तिचे वडील पास्कल अंथरुणाला खिळलेले. भाऊ आणि फेलिशिया वहिनी नोकरीला गेले की वडिलांचं सगळं प्रिस्काच करते. कान बंद केले तर त्यांची हाक कशी ऐकू येणार?

शिवाय तिचा एका गोष्टीवर भरवसा होता. तिचा स्क्रीन रीडर इतक्या वेगानं बोलतो, की ऐकणाऱ्याला मिक्सर चालू आहे असं वाटावं. पास्कल विचारायचे, "तुझ्या फोनातल्या बाईला गाडी पकडायचीय काय?" तिच्या अंध मैत्रिणीही चारचौघांत असंच बिनधास्त वाचतात. डोळसांना हा वेग कळत नाही, हे त्या धरूनच चालतात.

मार्चमध्ये पुण्याच्या एका संस्थेनं तिला नोकरीसाठी निवडलं. अंध मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा, राहायची सोय तिथंच. संस्थेच्या वेबसाइटवर लॉगिन करून होकार द्यायचा होता. प्रिस्कानं तो दिला, वडिलांसाठी दिवसाची बाई शोधली आणि मगच घरी सांगितलं.

रुजू व्हायचं पत्र येईना म्हणून प्रिस्कानं फोन केला. तिकडच्या बाईंनी गोंधळून सांगितलं की तुमचा होकार तुम्हीच लॉगिन करून मागे घेतलात, जागा दुसऱ्या मुलीला दिली.

त्या संध्याकाळी फेलिशिया बोंबील साफ करत बसली होती. प्रिस्कानं सरळ विचारलं. तिनंही लपवलं नाही. प्रिस्का पप्पांना आंघोळ घालत असताना फोन चार्जिंगला होता, तेव्हा केलं म्हणाली.

"पुण्यात तुला कोण बघणार, बाय? तुझ्या भल्यासाठीच केलं."

"आणि इथं कोण बघतं मला?"

फेलिशियानं पुढचा बोंबील उचलला. मग म्हणाली, "तू गेलीस तर पप्पांना कोण बघेल? बाईच्या हातचं ते खाणार आहेत?"

"पासवर्ड कुठून मिळाला?"

"तूच तर रोज ऐकवतेस. आधी नुसती किरकिर वाटायची. ऐकून ऐकून कळायला लागलं."

भाऊ म्हणाला, झालं ते झालं, घरातल्या घरात मिटवा. पास्कलनी भिंतीकडे तोंड केलं.

पासवर्ड तिनं बदलला. आता एका कानात इअरफोन असतो. त्या बाजूनं पास्कलची हाक कधी कधी चुकते, आणि तिला त्याचं वाईट वाटेनासं झालंय. गेलेल्या नोकरीबद्दलही ती फार बोलत नाही. पण याच घरात, वहिनी समोर असताना, तिनं त्याच आवाजात डॉक्टरांचे रिपोर्ट वाचलेत, मित्राचे, ऑस्टिनचे, मेसेज वाचलेत, वहिनीबद्दल मैत्रिणीला लिहिलेलं पुन्हा पुन्हा ऐकून तपासलंय. फेलिशियाला तिनं आजवर तीनदा विचारलं, उत्तर मिळालं नाही. म्हणून मलाच विचारते: हे सगळं वहिनीला कधीपासून कळत होतं?