सुभेदारांसाठी भोंगा

"कायदा म्हंजी कायदा!" असं म्हणत आमचे हवालदार काठी दोनदा जमिनीवर आपटायचे आणि साहेबांच्या डब्याचंही झाकण खुशाल उघडायचे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. चिंचवडच्या शेतांमधून नुकते कारखाने उभे राहत होते, त्यातल्याच एकाच्या फाटकावर ते राखणदार होते. पलटणीतून निवृत्त, गाव साताऱ्याकडचं. मी हजेरीचा कारकून. दिवसातून दोनदा खिसे तपासून घेण्याचा मान मलाही मिळे. एकदा माझी तपकिरीची डबी त्यांनी हुंगून पाहिली आणि पाच मिनिटं शिंकत राहिले. शिंकता शिंकताच म्हणाले, "जावा! कायदेशीर हाय!"

त्यांच्या कुत्र्याचं नाव सुभेदार. पलटणीत सुभेदारांनी ह्यांना जन्मभर उठवलं-बसवलं, आता हे सुभेदाराला "बस खाली!" म्हणत. तो काही बसायचा नाही. मग हेच पुटपुटायचे, "मर्जी साहेबांची." मात्र सुट्टीचा भोंगा झाला की सुभेदार असेल तिथून फाटकात हजर! कामगार डब्यात उरलेली भाकरी त्याला टाकत ना.

असा हा शूर गडी फटाक्यांना मात्र जाम भ्यायचा. आदल्या दिवाळीत साखळी तोडून जो पळाला, तो तिसऱ्या दिवशी आळंदीच्या वाटेवर सापडला. म्हणून ह्या खेपेला हवालदारांनी पलटणी बंदोबस्त केला. फाटकालगतच्या आपल्या खोलीच्या खिडकीला गोधडी टांगली. कुत्र्याच्या कानात कापसाचे बोळे घातले, ते त्यानं झटकून चावून टाकले. शेवटी दोरीचं एक टोक त्याच्या गळ्यात आणि दुसरं स्वतःच्या घोट्याला बांधलं. "आता पळायचं तर मला घिऊनच पळावं लागंल!"

नरकचतुर्दशीला बायकोनं त्यांना पाटावर बसवून नखशिखांत तेल चोळलं. घोट्याला दोरी बांधून अभ्यंगस्नानाला बसलेला दुसरा माणूस तुम्ही पाहिलाय का हो? बाहेर फटाक्यांची माळ कडाडली, सुभेदारानं हिसका दिला आणि तेलकट पायावरून दोरी सुळकन निसटली. कुत्रा दोरीसकट रेल्वेच्या रुळांकडे पळाला. गाडीची वेळ झालेली.

हवालदार पंच्यावरच फाटकावरच्या चौकीत धावले. साहेबांच्या हुकमाशिवाय अवेळी भोंग्याच्या कळीला हात लावील त्याची नोकरी जाईल, असा कायदा होता. आम्हाला तो दम देऊन सांगणारे हेच. त्यांनी डोळे मिटले आणि कळ दाबली.

कारखाना बंद आणि भोंगा! वस्तीला वाटलं, आग लागली. कुणी अर्ध्या अंगाला उटणं लावून, कुणी डोक्याला तेल थापून, असे शे-दीडशे कामगार धावत आले. मी एका पायात चप्पल घालून. साहेब गालाला दाढीचा फेस लावून.

"भोंगा कुणी वाजवला?"

"म्या, साहेब." तेलानं निथळणारे हवालदार ताठ उभे होते. "कायदा म्हंजी कायदा. नोकरी घ्या. पन जरा दम धरा, सुभेदार यायचं हायत."

तेवढ्यात गाडी धडधडत गेली. कुणी हसलं नाही. हवालदार रुळांकडे बघत होते.

मग गर्दीच्या पायांमधून, दोरी ओढत, सुभेदार आला. भाकरीसाठी एकेकाचे हात हुंगू लागला. रिकाम्या हातानं आलेल्या आम्हा सगळ्यांकडे त्यानं असं काही पाहिलं की आम्हीच ओशाळलो. शेवटी त्यानं साहेबांवर उडी घेतली आणि फेस चाटला.

साहेब गाल पुसत म्हणाले, "आग लागली तर माणसं किती वेळात जमतात, ते मला बघायचं होतं. हुकूम माझाच होता."

"न्हाई साहेब, हुकूम न्हवता—"

"हवालदार, गप्प बसा!"

काही वर्षांनी सुभेदार म्हातारा होऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात हवालदारही काम सोडून गावी निघाले. फाटकात थांबून त्यांनी दोन्ही हात वर केले. "घ्या झडती, कारकूनसाहेब. कायदा म्हंजी कायदा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण घेतली. कोटाच्या खिशात चावलेले कापसाचे दोन बोळे निघाले.

"कंपनीचा माल न्हाई," ते हळूच म्हणाले. "सुभेदारांचा हाय."

मी बोळे परत खिशात ठेवले. ते चार पावलं गेले असतील नसतील, सुट्टीचा भोंगा झाला. हवालदार थांबले, वळले आणि रुळांकडे बघत उभे राहिले.